गोरखचिंच : आफ्रिकेच्या रीतीने फळ, पाने आणि बिया कशा वापराव्यात

गोरखचिंचेचे पिकलेले फळ पहिल्यांदा हातात घेणाऱ्याची थोडी फसगत होतेच. आकाराने ते लांबट नारळाएवढे असते, अंगावर मखमलीसारखी करडी-पिवळी लव असते, आणि एवढ्या मोठ्या फळात भरपूर रस असणार असे आपण गृहीत धरून बसतो. फोडल्यावर मात्र हाती येतात ते खडूच्या तुकड्यांसारखे पांढरे, कोरडे गोळे. चिमटीत दाबले की त्यांचा भुगा होतो आणि जिभेवर ठेवले की ते आंबट चव सोडत विरघळतात. फळ झाडावर लटकत असतानाच आतला गर आपोआप वाळलेला असतो. त्यामुळे तो टिकवण्यासाठी वाळवावा लागत नाही आणि वापरण्यासाठी शिजवावाही लागत नाही. पाणी आणि उष्णता यांपासून तो वापराच्या क्षणापर्यंत जपणे, एवढेच काय ते कौशल्य आहे, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक कृती त्याभोवतीच फिरतात.

हे झाड मूळचे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कोरड्या, उष्ण आफ्रिकेतले. शास्त्रीय नाव ॲडनसोनिया डिजिटाटा. मिशेल ॲडनसन हा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ मध्ये सेनेगलला पोहोचला, काही वर्षे तिथे राहिला आणि त्याने या झाडाचे तपशीलवार वर्णन केले. त्याच्या नावावरून स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या प्रजातीला नाव दिले. डिजिटाटा म्हणजे बोटांसारखी पाने असलेले. इंग्रजीमुळे बाओबाब हे नाव जगभर पसरले असले, तरी आफ्रिकेत प्रत्येक मुलखाचे त्याचे स्वतःचे नाव आहे : स्वाहिली बोलणाऱ्यांचा म्बुयू, सुदानमधला तबल्दी, मलावीतला म्लाम्बे, माली देशातल्या बांबारा भाषेतला सिरा. सेनेगलच्या राजमुद्रेवर हेच झाड कोरलेले आहे. या प्रजातीतल्या आठ जाती मानल्या जातात. त्यांपैकी सहा फक्त मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात, आणि आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर पसरलेली ही एक.

आपल्याकडे ती समुद्रमार्गाने आली. भारतातल्या झाडांच्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसते, की ती एकाच वेळी एका ठिकाणाहून आली नसून आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून अनेक वेळा आणली गेली. वसईच्या किल्ल्यात, मुंबईच्या राणीच्या बागेत, गोवळकोंड्याजवळ, कर्नाटकातील सवणूर येथे आणि मध्य प्रदेशातील मांडू येथे जुनी झाडे आहेत. मांडूला तर पर्यटकांना ही फळे 'मांडूची इमली' म्हणून विकली जातात. गोरखनाथांनी या झाडाखाली शिष्यांना उपदेश केला अशी श्रद्धा आहे आणि त्यावरूनच आपले मराठी नाव आले. गंमत अशी, की ज्या चिंचेची उपमा आपण या परक्या फळाला दिली, ती आपली रोजच्या आमटीतली चिंचसुद्धा मूळची उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतलीच.

झाड ओळखणे

मोठे झाड ओळखायला अडचण येत नाही. खोड इतके फुगीर असते, की फांद्या त्याच्या मानाने तोकड्या आणि उलट्या रोवलेल्या मुळांसारख्या दिसतात, आणि वर्षातले अर्धेअधिक महिने त्यांवर एकही पान नसते. साल राखाडी, गुळगुळीत, जागोजाग हत्तीच्या कातडीसारख्या वळ्या पडलेली. गोंधळ होतो तो काटेसावरीशी, कारण दोन्हींची पाने हाताच्या पंजासारखी, पाच ते सात दले एका देठावर असलेली असतात. काटेसावरीच्या कोवळ्या खोडावर जाड शंक्वाकृती काटे असतात, गोरखचिंचेला काटे नसतात. शिवाय काटेसावर लाल फुलांनी बहरते, तर गोरखचिंचेचे फूल पांढरे, वाटीएवढे, लांब दांड्याने खाली लोंबणारे असते. ते संध्याकाळी उमलते, रात्री त्यावर फलाहारी वटवाघळे येतात आणि दुसऱ्या दिवशी ते गळून पडते. सकाळी झाडाखाली तपकिरी पडू लागलेली, किंचित उग्र वासाची फुले पडलेली दिसली, तर ओळख पक्की झाली असे समजावे. विलायती चिंच आणि गोरखमुंडी या दोन्हींचा या झाडाशी नावापलीकडे काही संबंध नाही. काष्ठौषधींच्या दुकानात मागताना हे लक्षात ठेवावे, कारण गोरखमुंडीची पुडी हातात पडण्याची शक्यता चांगलीच असते.

फळ निवडणे, फोडणे आणि गर काढणे

कोवळे फळ हिरवे आणि जड असते. ते पिकते तसे हिरवेपणा जाऊन मातकट पिवळे किंवा तपकिरी होते आणि आकाराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके हलके लागते. कानाशी धरून हलवावे. आतले गोळे सुटे झाले असतील तर खुळखुळ्यासारखा आवाज येतो. कवचाला तडा गेलेला नसावा, कारण तड्यातून दमट हवा आणि किडे दोन्ही आत जातात. देठाजवळ बारीक छिद्र दिसले तर ते फळ बाजूला ठेवावे. झाडाखाली पडलेले फळ घ्यायला हरकत नाही, मात्र ते पावसात भिजलेले नको.

फोडण्याआधी जाड, खरखरीत फडक्याने वरची लव पुसून काढावी. ही लव नाजूक कातडीला खाजवते आणि फोडताना उडून गरात मिसळली तर घशात टोचते. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग सरबताला दोष देतात. त्यानंतर फळ दगडावर आडवे धरून मध्यावर वरवंट्याने किंवा हातोडीने दोन-तीन बेताचे ठोके द्यावेत. कवच नारळाच्या करवंटीसारखे कडक असले तरी त्याहून पातळ असते. जोराचा घाव घातला तर त्याच्या ठिकऱ्या गरात रुततात. अखंड राहिलेले अर्धे कवच आफ्रिकेत वाटी किंवा डाव म्हणून वापरतात.

आत पाहिल्यावर गराचे गोळे लालसर, चिवट धाग्यांच्या जाळ्यात गुंतलेले दिसतात आणि प्रत्येक गोळ्याच्या पोटात वाटाण्याहून थोडे मोठे, काळपट बी असते. ताज्या, चांगल्या गराचा रंग पांढरा ते फिकट मलई असतो. तो गुलाबी झाक असलेला असला तरी चालतो, पण गडद तपकिरी आणि चिकट झाला असेल तर त्याला ओल लागली आहे. बुरशीचा वास किंवा हिरवट ठिपके असतील तर संपूर्ण फळ टाकून द्यावे, फक्त खराब भाग कापून बाकीचा वापरू नये.

भुकटी हवी असेल तर पश्चिम आफ्रिकेतल्या बायका करतात तसे करावे. त्या गोळे लाकडी उखळात टाकतात आणि मुसळ अगदी हलक्या हाताने चालवतात, म्हणजे गर सुटतो आणि बी फुटत नाही. घरी दगडी किंवा लाकडी खलबत्त्यात हेच करता येते. बत्ता आपटायचा नाही, कडेने फिरवत घासायचा. पाच-सात मिनिटांत बिया उघड्या पडतात. मग सगळे पिठाच्या चाळणीने चाळून घ्यावे, आणि अगदी मऊ भुकटी हवी असेल तर वस्त्रगाळ करावे. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवण्याचा मोह टाळावा. बिया फुटल्या की भुकटी कडवट आणि खरखरीत होते, आणि कच्च्या बिया का टाळाव्यात हे पुढे आलेच आहे.

ही भुकटी हवेतली ओल फार लवकर ओढते. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बरणी तासभर उघडी राहिली तरी तिचे खडे बनू लागतात. म्हणून काचेची, घट्ट झाकणाची, पूर्ण कोरडी बरणी घ्यावी, चमचा कोरडाच वापरावा आणि बरणी उजेडापासून दूर ठेवावी. वर्षभर ठेवायचे असेल तर त्याहून चांगला उपाय म्हणजे फळ न फोडणे. अखंड कवचातला गर कोणत्याही बरणीपेक्षा जास्त सुरक्षित राहतो, आणि आफ्रिकेतल्या खेड्यांत फळांचे साठे घराच्या कोपऱ्यात याच रूपात ठेवलेले असतात.

गार पाण्यातले पेय

सेनेगलमध्ये या फळाला बुय म्हणतात आणि त्याचे पेय रस्त्यावर, लग्नात, घरात सगळीकडे मिळते. सुदानमध्ये फळाला गोंगोलेझ म्हणतात आणि रमजानात उपास सोडताना त्याचे सरबत पितात. दोन्हीकडची मूळ रीत एकच आहे. बियांसकट गराचे गोळे पातेल्यात घ्यावेत. एक वाटी गोळ्यांना साधारण तीन वाट्या गार किंवा फार तर कोमट पाणी घालून तासभर झाकून ठेवावे. मग हाताने, चिंचेचा कोळ काढतो तसे, बिया चोळत राहावे. पाणी दाटसर, ताकासारखे पांढरे होत जाते आणि बिया बोटांना गुळगुळीत लागू लागतात. ते जाड गाळणीने गाळून, पुन्हा थोडे पाणी घालून दुसरा कोळ काढावा आणि दोन्ही एकत्र करून चवीपुरती साखर व किंचित जायफळ घालावे. सेनेगलमध्ये शेवटी दूधही घालतात. आपण घालणार असाल तर ते पूर्ण गार असावे आणि पेय ढवळत बारीक धारेने सोडावे, कारण या गरात टार्टारिक, सायट्रिक आणि मॅलिक आम्ले भरपूर असतात. मी एकदा घाईत गरम दुधात भुकटी टाकली आणि समोर पातेलेभर पनीर तयार झाले.

उकळणे टाळण्याचे कारण मात्र चवीपेक्षा मोठे आहे. वेगवेगळ्या विश्लेषणांत या गरात १०० ग्रॅममागे सुमारे १५० ते ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आढळलेले आहे; संत्र्यात ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. हे जीवनसत्त्व उष्णतेने झपाट्याने नष्ट होते. अर्थात तुलना करताना भान ठेवावे : संत्र्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुतांश पाणी असते, तर हा गर कोरडा असतो, आणि १०० ग्रॅम गर एका बैठकीत कोणी खात नाही. एका पेल्यात साधारण १० ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा भुकटी जाते. त्यातून मिळणारे क जीवनसत्त्व फार तर एका छोट्या संत्र्याइतके, आणि बरेचदा त्याहून कमी असते. दिवसाच्या गरजेत ती चांगली भर आहे, पण पाकिटांवर ज्या थाटाचे दावे छापलेले असतात तो थाट मात्र अनाठायी आहे.

सेनेगलमधला 'नगलाख' हा पदार्थही याच गराचा आहे. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी तिथली ख्रिस्ती कुटुंबे बाजरीच्या वाफवलेल्या कण्या, शेंगदाण्याचे वाटण आणि या फळाचा कोळ एकत्र करून तो मोठ्या प्रमाणावर बनवतात आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या घरी वाटतात. बाजरी आणि शेंगदाणा आपल्या घरातही असतो, त्यामुळे हा पदार्थ महाराष्ट्रात सहज जमण्यासारखा आहे.

पोटाच्या तक्रारींवर

गराचा सर्वांत दूरवर पसरलेला औषधी उपयोग जुलाब आणि आव यांवर आहे. पश्चिम आफ्रिकेपासून सुदानपर्यंत तो घरोघरी माहीत आहे. त्यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. गरात पेक्टिन भरपूर असते, ते आतड्यात पाणी धरून मल घट्ट करते. तुरटपणा टॅनिनमुळे येतो आणि तोही स्तंभक असतो. हाच उपयोग आपल्या किनाऱ्यावरही रुजला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील औषधी वनस्पतींची नोंद करणारे विल्यम डायमॉक लिहितात, की मुंबईत हा गर ताकात मिसळून जुलाब व आवेवर देत असत, आणि कोकणात जिरे व साखर घालून केलेले त्याचे सरबत पित्तामुळे झालेल्या अपचनावर देत. कोकणात तो अंजिराबरोबर दम्यावरही दिला जाई, पण त्या वापराला दुजोरा देणारे काही माझ्या पाहण्यात नाही आणि दम्याच्या माणसाने तो प्रयोग करू नये.

ताकातली कृती साधी आहे. एक वाटी ताजे, गोडसर, पातळ ताक घ्यावे, त्यात एक छोटा चमचा भुकटी घालून दहा मिनिटे ठेवावे म्हणजे ती फुगते, मग भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि थोडे मीठ घालून ढवळावे. दिवसातून दोन वेळा एवढे पुरे. साखर घालू नये. पहिल्यांदा घेणाऱ्याने अर्ध्या चमच्यानेच सुरुवात करावी, कारण गराच्या वजनाचा बराच मोठा भाग तंतुमय असतो आणि सवय नसलेल्या पोटात त्याने वायू धरतो.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगणे भाग आहे. जुलाबात जीवाला धोका असतो तो शरीरातले पाणी आणि क्षार निघून जाण्याचा, आणि त्यावरचा उपाय जलसंजीवनी हाच आहे : एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सेनेगलमध्ये लहान मुलांच्या जुलाबावर गराचे द्रावण आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची जलसंजीवनी यांची तुलना करून पाहण्यात आली, तेव्हा गराला जलसंजीवनीपेक्षा सरस ठरता आले नाही. म्हणून गर हा जोडीचा उपाय समजावा, पर्याय समजू नये. मलात रक्त दिसत असेल, ताप असेल, लघवी कमी झाली असेल किंवा रुग्ण तान्हे मूल असेल, तर घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे.

तापातही हे पेय देण्याची रीत आफ्रिकेत सर्वत्र आहे. घाम आणणारे आणि तहान भागवणारे म्हणून ते दिले जाते, आणि तापातल्या कोरड पडलेल्या तोंडाला आंबट, गार पेय बरे वाटते, यात शंका नाही. त्यापलीकडे, म्हणजे ताप कशाने आला आहे त्यावर, त्याचा काही इलाज होतो असे समजू नये. नियमित गोळ्या चालू असलेल्यांनी गोळी आणि हे पेय यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण इतके तंतुमय पदार्थ पोटात असताना औषध नीट शोषले जाण्यात अडथळा येऊ शकतो.

पाने

गरापेक्षाही पानांवर पश्चिम आफ्रिकेचा अधिक भर आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. उत्तर नायजेरियात हौसा लोक वाळलेल्या पानांच्या भुकटीला कुका म्हणतात आणि तिचे दाट, बुळबुळीत, हिरवट सार जवळजवळ रोज खातात. सेनेगलमध्ये तीच भुकटी लालो या नावाने बाजरीच्या कण्यांत मिसळतात, म्हणजे त्या घशाखाली सहज उतरतात. पानांतला चिकट द्रव भेंडीसारखाच असतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण वनस्पतिशास्त्रात आता भेंडी आणि गोरखचिंच एकाच कुळात मोडतात.

कोवळी पाने पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळतात. देठ आणि जाड शिरा काढून पाने धुवावीत, पाणी निथळू द्यावे आणि सावलीत, वारा लागेल अशा जागी सुती फडक्यावर एकेरी थरात पसरावीत. उन्हात ती लवकर वाळतात खरी, पण सावलीत वाळवलेल्या पानांत अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य बरेच जास्त टिकते, असे मालीतल्या पानांच्या तपासणीत दिसून आले आहे. पान चुरगाळल्यावर करकरीत मोडले की खलबत्त्यात कुटून चाळावे. सार करताना ही भुकटी कधीही एकदम ओतू नये, गुठळ्या होतात. रस्सा मंद आचेवर असताना एका हाताने चिमटीतून भुरभुरावी आणि दुसऱ्या हाताने सतत घोटावे, अगदी पिठले करताना बेसन पेरतात तसे. चार माणसांच्या साराला दोन मोठे चमचे पुरतात.

औषध म्हणून पानांचा वापर अति घाम, ताप, जुलाब, मूत्रमार्गाच्या तक्रारी, दमा आणि कीटकदंश यांवर होत आला आहे. त्यांतला कीटकदंशावर वाटलेल्या ताज्या पानांचा लेप लावण्याचा प्रकार तेवढा घरी करून पाहण्याजोगा आहे : तीन-चार धुतलेली पाने पाट्यावर वाटून तो गोळा सूज आलेल्या जागी वीस मिनिटे ठेवावा. जखम उघडी असेल तर लावू नये. पानांचे पाणी डोळ्यांत किंवा कानांत घालण्याची रीतही काही भागांत आहे. ती कोणीही घरी करू नये.

बिया

चाळणीत उरलेल्या बिया फेकू नयेत. त्यांत तेल आणि प्रथिने चांगल्या प्रमाणात असतात. पश्चिम आफ्रिकेत त्या भाजून दळतात आणि रस्सा दाट करण्यासाठी घालतात. बुर्किना फासोमध्ये त्या आंबवून 'मारी' नावाचा उग्र वासाचा मसाला करतात. कच्च्या बियांत मात्र प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, आणि कच्च्या तेलात स्टेरक्युलिक, माल्व्हॅलिक यांसारखी काही विशिष्ट मेदाम्ले असतात, जी पोटात जाणे चांगले नाही. उष्णतेने त्यांचे प्रमाण कमी होते. म्हणून बिया आधी धुऊन, वाळवून, जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत हलवत भाजाव्यात. कवच फुटल्याचा बारीक तडतड आवाज आणि भाजलेल्या शेंगदाण्यासारखा वास येऊ लागला की उतरवाव्यात. मोंबासाच्या किनाऱ्यावर याहून गोड मार्ग काढलेला आहे : गर लागलेल्या बियाच लाल रंगाच्या पाकात घोळवून 'मबुयू' नावाने विकतात, आणि त्या चोखणाऱ्या पोरांच्या जिभा दिवसभर लाल राहतात.

बियांचे तेल त्वचेवर आणि केसांना लावण्याची जुनी पद्धत आहे. कोरड्या, भेगाळलेल्या टाचांना ते चांगले लागते. पहिल्यांदा लावताना मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस वाट पाहावी.

साल आणि मुळे : पाहावे, काढू नये

आफ्रिकेत गर आणि पाने ही स्वयंपाकघराची मालमत्ता आहे, तर साल आणि मुळे वैदूंच्या हातातली. सालीचा काढा तापावर दिला जाई, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही वैद्यांनी तो सिंकोनाच्या, म्हणजे जिच्यापासून क्विनाइन मिळते त्या सालीऐवजी हिवतापावर वापरून पाहिला. तो सिंकोनाची जागा घेऊ शकला नाही. मलावीकडच्या भागात सालीचा आणखी एक नवलाचा उपयोग नोंदलेला आहे : स्ट्रोफॅन्थस या वनस्पतीचे विष लावलेल्या बाणाने शिकार केली, की सालीचा रस जनावराच्या जखमेत ओतत, म्हणजे मांस खाण्याजोगे होई. अशा ज्ञानाला मात्रेचे आणि निदानाचे बंधन असते; वाचून ते हाती येत नाही. म्हणून सालीचा काढा घरी करू नये, एवढीच सूचना या भागाबाबत देता येते.

दुसरे कारण झाडांचे आहे. गोरखचिंचेला साल पुन्हा येते आणि त्यामुळेच आफ्रिकेत दोरासाठी तिची साल पिढ्यान् पिढ्या सोलली गेली, हे खरे. पण तिथे झाडे लाखांनी आहेत, आपल्या राज्यात ती बोटांवर नाही तरी सहज मोजता येतील इतकी. शिवाय म्हातारी झाडे नाजूक असतात. सुमारे २,४५० वर्षे वयाचे म्हणून गणले गेलेले झिम्बाब्वेतील पांके नावाचे झाड २०११ मध्ये मेले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आफ्रिकेतील सर्वांत जुन्या तेरा झाडांपैकी नऊ झाडे, किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडे, २००५ नंतरच्या काळात कोसळली होती. किल्ल्यातल्या झाडावर औषधासाठी कोयता चालवणाऱ्याला अडवणे हाही या मार्गदर्शनाचा भाग समजावा.

विकतची भुकटी घेताना

युरोपीय संघाने २००८ मध्ये आणि अमेरिकेने २००९ मध्ये वाळलेल्या गराला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून तो पाकिटबंद होऊन सर्वत्र मिळू लागला. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाला फळापेक्षा ही भुकटीच सहज सापडेल. पाकिटावर फक्त फळाचा गर असे लिहिलेले असावे, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली भरीची भुकटी) मिसळलेले नसावे. चमचाभर भुकटी बोटांत चोळून पाहावी. ती टाल्कसारखी मऊ लागली पाहिजे, वाळूसारखी टोचली तर बिया दळल्या गेल्या आहेत. पाण्यात घातल्यावर ती आधी तरंगते, मग ढगासारखी पसरते आणि ढवळल्यावर पेय दाटसर होते. गर्भवती स्त्रियांनी ती जेवणात वापरल्या जाणाऱ्या प्रमाणापुरतीच घ्यावी आणि गोळ्या-कॅप्सूलच्या रूपातले अर्क टाळावेत.

बी लावायचे असेल तर

वरच्या कृतीतून धुतलेल्या, न भाजलेल्या आठ-दहा बिया बाजूला काढाव्यात. त्यांचे कवच इतके कठीण असते, की नुसते मातीत टाकले तर वर्षभरही काही होत नाही; आफ्रिकेत हत्तींच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते ते यामुळेच. घरी हत्तीचे काम कानस करते. बियाची एक कड आतला फिकट भाग दिसेपर्यंत कानसीवर घासावी किंवा उकळते पाणी गॅसवरून उतरवून त्यात बिया टाकून रात्रभर ठेवाव्यात. फुगलेल्या बिया दोन सेंटिमीटर खोल, निम्मी वाळू असलेल्या मातीत पेराव्यात. कुंडी खोल घ्यावी, कारण सोटमूळ लवकर गाजरासारखे जाड होते. उन्हाळ्याच्या अखेरीस पेरले तर दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात. पाणी बेताचे, आणि हिवाळ्यात पाने झडली की जवळजवळ बंद. या झाडाची रोपे तहानेपेक्षा कुजून जास्त मरतात.

फळासाठी बियाच्या झाडाला पंधरा-वीस वर्षेही लागू शकतात, कलमी झाडाला त्यापेक्षा बरीच कमी. पानांसाठी मात्र एवढे थांबण्याची गरज नाही. मालीत भाजीच्या वाफ्यासारखी दाटीने रोपे लावून कोवळी पाने खुडतात, आणि गच्चीवरच्या कुंड्यांत तसे करायला काहीच हरकत नाही. फक्त पहिल्या काही आठवड्यांत कुंडीजवळ येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावे, की गोरखचिंचेच्या रोपाची सुरुवातीची पाने पंजासारखी नसतात. ती साधी, एकसंध, कुठल्याही रानरोपासारखी दिसणारी असतात. आफ्रिकेतसुद्धा या कारणाने लहान रोपे ओळखली जात नाहीत आणि तण म्हणून उपटली जातात.